हवाई छत्रीउडी
हवाई छत्रीउडी : विमान, हेलिकॉप्टर किंवा बलून यांतून उडी घेऊन काही काळ मुक्तपणे खाली येणे व नंतर छत्री उघडून जमिनीवर सुरक्षित उतरणे, या साहसी क्रीडाप्रकारास छत्रीउडी किंवा स्कायडायव्हिंग म्हणतात. भारतात हे कौशल्य प्रथम करमणुकीचे प्रयोग, नंतर लष्कर व अखेरीस नागरिक, अशा क्रमाने रुजले. महाराष्ट्राचा संबंध या तिन्ही टप्प्यांशी आला.

आंद्रे-झाक गार्नरँ या फ्रेंच बलूनवीराने २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिस येथे सु. १,००० मी. उंचीवरून रेशमी छत्रीच्या साहाय्याने यशस्वी अवतरण केले. छत्रीच्या माथ्यावर हवा निसटण्यास छिद्र नसल्याने ती खाली येताना जोराने हेलकावे खात होती. १७९९ मध्ये झान-झनव्हिएव्ह लाब्रॉस हिने अशीच उडी घेतली. छत्रीने उतरणारी ती पहिली स्त्री होय. भारतात पर्सिव्हल स्पेन्सर या इंग्रज बलूनवीराने १८८९ मध्ये मुंबई व कलकत्ता येथे प्रयोग केले. त्याच्या शिक्षणातून तयार झालेले रामचंद्र चटर्जी यांनी १८९० मध्ये कलकत्त्यात बलूनमधून छत्रीउडी घेतली.

त्या काळी उंचावरून मोकळे पडणारा मनुष्य वाटेतच शुद्ध हरपतो, असा समज होता. २८ एप्रिल १९१९ रोजी लेस्ली अर्विन या अमेरिकनाने विमानातून उडी घेऊन काही क्षणांनी स्वतःच्या हाताने छत्री उघडली व तो समज खोटा ठरविला. या मुक्त पतनावरच पुढे हा खेळ उभा राहिला. पोट जमिनीकडे ठेवून पडणाऱ्या व्यक्तीचा वेग हवेच्या रोधामुळे ताशी सु. १९० ते २०० किमी.वर स्थिरावतो. हातपायांच्या ठेवणीत बदल करून दिशा व वेग यांवर ताबा ठेवता येतो.

विरळ हवेत हा वेग पुष्कळच वाढतो, म्हणून विक्रमवीर अधिकाधिक उंची गाठू लागले. १६ ऑगस्ट १९६० रोजी अमेरिकेच्या जोसेफ किटिंजर यांनी सु. ३१,३०० मी. उंचीवरून उडी घेतली. १ नोव्हेंबर १९६२ रोजी सोव्हिएट संघाचे येव्हगेनी आंद्रेयेव्ह सु. २४,५०० मी. मुक्तपणे खाली आले; त्याच बलूनमधून उडी घेणारे प्योत्र दोल्गोव्ह मात्र शिरस्त्राणाच्या काचेस तडा जाऊन दाब घटल्याने मृत्यू पावले. १४ ऑक्टोबर २०१२ रोजी फेलिक्स बाउमगार्टनर यांनी सु. ३९ किमी. उंचीवरून पडताना ध्वनीचा वेग ओलांडला. २४ ऑक्टोबर २०१४ रोजी ॲलन यूस्टेस यांनी ४१,४१९ मी. उंचीवरून उडी घेतली.

भारतीय सैन्यातील छत्रीदलाची सुरुवात १९४१ मध्ये झाली. लष्करी उडीत छत्री विमानास अडकविलेल्या दोरीने आपोआप उघडते. कारण कमी उंचीवरून अनेक सैनिकांना एकाच जागी उतरविणे हा तिचा हेतू असतो. मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीचे रूपांतर छत्रीधारी पलटणीत झाले व पुढे ती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण बनली. ११ डिसेंबर १९७१ रोजी लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली ती बांगला देशातील टांगाइल येथे उतरली आणि लोहाजंग नदीवरील पुंगली पूल ताब्यात घेऊन डाक्क्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी सैन्याची वाट तिने अडविली.

स्त्रियांपैकी भारतीय वायुसेनेतील गीता चंद यांनी १९५९ मध्ये उडी घेतली. त्यानंतर १९७९ पासून रेचेल थॉमस यांनी नागरिक स्त्रियांसाठी या खेळाचा मार्ग मोकळा केला व २००२ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी घेतली. देशात नागरिकांना प्रशिक्षण देणारी केंद्रे तुरळक आणि खर्च मोठा, अशा स्थितीत पुण्याच्या शीतल महाजन (जन्म १९८२) यांनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर सु. २,४०० फूट उंचीवरून, उणे ३७° से. तापमानात उडी घेतली. ती त्यांच्या आयुष्यातील पहिलीच उडी होती. १५ डिसेंबर २००६ रोजी त्यांनी दक्षिण ध्रुवावर मुक्त पतन केले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी साडी नेसून उडी घेतली. साडीचा घोळ छत्रीच्या दोऱ्यांत अडकण्याचा संभव असल्याने ती शरीराशी घट्ट बांधणे आवश्यक होते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फूट उंचीवरून उडी घेऊन त्या काला पत्थर परिसरात सु. ५,३०० मी. उंचीवर उतरल्या. सोलापूर समुद्रसपाटीपासून सु. ४६० मी. उंच आहे, तेथील हवेच्या तुलनेत काला पत्थर येथील हवेची घनता सु. तीन-पंचमांशच भरते. त्यामुळे तीच छत्री व तेच वजन असूनही जमिनीवर टेकतानाचा वेग सोलापुरातल्यापेक्षा सु. एक-चतुर्थांशाने अधिक राहतो. अशा ठिकाणी उडीइतकेच अवतरणही कठीण ठरते.