अंगणातला गड

नीरा नदीकाठच्या निरवांगीचा इंदापूर परगणा शहाजीराजांच्या जहागिरीत मोडत होता, तरी येथील मुलूख सपाट आणि गडकोट दूर सह्याद्रीच्या माथ्यावर. म्हणून दिवाळीत येथल्या मुलांना किल्ला डोळ्यांनी पाहण्याआधी हातांनीच घडवावा लागतो, आणि मला या प्रथेचे खरे वैभव यातच दिसते. १८९६ साली लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने रायगडावर शिवाजी महाराजांच्या स्मरणार्थ शिवोत्सव भरला. त्या स्मरणाचे घरगुती रूप म्हणजे हा किल्ला, असे मी मानतो.

अंगणाचा कोपरा साफ करून दगडविटांची रास रचावी, तीवर भिजलेले गोणपाट अंथरावे, चाळलेल्या काळ्या मातीचा लेप देऊन बालेकिल्ला, माची, बुरूज व महादरवाजा उठवावा आणि उतारावर अळीव पेरून सकाळसंध्याकाळ हलक्या हाताने पाणी शिंपडावे, की चारपाच दिवसांत तटाखाली कोवळी हिरवळ फुटते. ती लक्ष्मीपूजनाला बोटभर व्हावी म्हणून पेरणी वसुबारसेपूर्वीच उरकावी लागते. मग कुंभाराकडचे मावळे पहाऱ्यावर उभे राहतात आणि महाराज सिंहासनावर विराजमान होतात.

अंगणात फरशी बसविणाऱ्या गृहस्थांनी या गडापुरती चार हात जमीन मोकळी ठेवावी, एवढीच विनंती.