काळा ठिपका ते पांढरा झोत : मोटारीच्या दिव्याचा इतिहास

भारतातल्या जवळजवळ प्रत्येक महामार्गावर ट्रकच्या पाठीवर एक ओळ वाचायला मिळते : 'यूज डिपर ॲट नाईट'. राज्य बदलते, लिपी बदलते, ही ओळ बदलत नाही. मोटारीच्या दिव्याच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासाचे सार तिच्यात आले आहे. प्रखर दिवा कसा बनवावा, या प्रश्नाचे उत्तर अभियंत्यांना फार लवकर सापडले होते. तो प्रखर दिवा समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाणार नाही याची व्यवस्था करण्यात मात्र पिढ्या खर्ची पडल्या. गेल्या काही वर्षांत करोल बाग, कश्मीरी गेट, बंगळूरचा जे. सी. रोड, चेन्नईचा जी. पी. रोड किंवा कुर्ल्याचा सी. एस. टी. रोड येथे मिळणाऱ्या एका पांढऱ्या बल्बने ती सारी मेहनत दहा मिनिटांत निकामी करण्याची सोय झाली आहे.

आरंभीच्या मोटारींना तेलाचे दिवे असत. त्यानंतर अ‍ॅसिटिलीनचे दिवे आले. आंबे पिकवण्यासाठी चोरून वापरले जाते तेच कॅल्शियम कार्बाइड एका डब्यात भरायचे आणि त्यावर थेंबथेंब पाणी सोडायचे. त्यातून निघणारा वायू पेटवला की ज्योतीतले काजळीचे सूक्ष्म कण तापून शुभ्र उजेड देत. लसणासारखा वास येई, ज्योत सांभाळावी लागे. पण वारा-पावसात हा दिवा तेलाच्या दिव्यापेक्षा पुष्कळ भरवशाचा होता. विजेचा दिवा १८९८ मध्येच अमेरिकेतल्या कोलंबिया या विजेवर चालणाऱ्या गाडीत दिसला होता. तो सार्वत्रिक होण्यासाठी गाडीत स्वतःची वीज तयार व्हावी लागली. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये स्टार्टर, जनित्र आणि दिवे यांची एकत्र विद्युत-व्यवस्था आली आणि कार्बाइडचे डबे हळूहळू अडगळीत गेले.

विजेचा तंतू अन्वस्ताकार परावर्तकाच्या नाभीवर ठेवला की समांतर किरणांचा झोत मिळतो. शाळेतल्या प्रकाशशास्त्राचे हे सर्वांत सोपे उदाहरण. समांतर झोत दूर जातो आणि म्हणूनच समोरच्याला आंधळे करतो. यावरचा तोडगा १९२० च्या दशकाच्या मध्यात जर्मनीत निघाला. बिलक्स नावाच्या बल्बमध्ये एकाच काचेत दोन तंतू बसवले होते : एक नाभीवर, दुसरा नाभीच्या किंचित पुढे, खाली धातूची छोटी वाटी असलेला. आपल्याकडे ज्याला 'अप्पर-डिपर' म्हणतात त्याचा हा जन्म.

त्या छोट्या वाटीकडे जरा बारकाईने पाहायला हवे, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच आहे. नाभीच्या पुढे ठेवलेल्या तंतूतून परावर्तकाच्या वरच्या अर्ध्या भागावर पडणारा प्रकाश परावर्तित होऊन खाली, रस्त्याकडे जातो. खालच्या अर्ध्या भागावर पडणारा प्रकाश वर, म्हणजे समोरच्या चालकाच्या चेहऱ्याकडे जातो. वाटी हा दुसरा प्रकाश अडवते. भिंतीवर पाहिले तर झोताला वरून कापल्यासारखी स्पष्ट कड दिसते. त्या कडेखाली उजेड, वर काळोख. १९५७ पासून युरोपात ही कड मुद्दाम असमान केली गेली : समोरून वाहने येतात त्या बाजूला खाली, पदपथाच्या बाजूला थोडी वर. भारतात आपण डावीकडून चालतो, म्हणून ती डावीकडे वर चढते. परदेशातून आणलेला उजव्या वाहतुकीचा आख्खा दिवा इथे बसवला तर तो नेमका समोरच्याच्या डोळ्यांत चढतो.

टंगस्टनचा तंतू जितका तापवावा तितका उजेड अधिक आणि पांढरा. पण तितकेच त्याचे बाष्पीभवन जलद, आणि काच काळी पडते. काचेत थोडासा हॅलोजन वायू भरला की बाष्प झालेले टंगस्टन त्याच्याशी संयोग पावून तंतूकडे परत येते, आणि काच स्वच्छ राहते. या शोधावर आधारित एच-१ हा बल्ब युरोपात १९६२ मध्ये आला, आणि दोन तंतूंचा एच-४ १९७१ मध्ये. ६०/५५ वॅटचा एच-४ पुढे भारतीय रस्त्यांवरचा सर्वांत ओळखीचा बल्ब ठरला. त्याच्या काचेचे टोक काळे असते ते थेट पुढे जाणारा प्रकाश रोखण्यासाठी.

भारताने मात्र दरम्यान स्वतःचा एक उपाय वापरला होता : काळा रंग. १९६५ आणि १९७१ च्या युद्धकाळात शहरे अंधारात ठेवली जात. खिडक्यांना कागद चिकटवले जात आणि गाड्यांच्या दिव्यांनाही काळे फासले जाई. शांततेच्या काळातही अ‍ॅम्बेसिडरच्या आणि ट्रकच्या गोल दिव्यांच्या काचांवर वरचा भाग काळा केलेला किंवा मध्यभागी काळा ठिपका दिलेला असे. कित्येक गावांत वाहतूक पोलीस मोहीम काढून तो ठिपका स्वतः देत. प्रकाशशास्त्राच्या दृष्टीने हा उपाय ओबडधोबड होता, आणि कधीकधी उलटाही. वाटी असलेल्या बल्बच्या दिव्यात उपयोगी, खाली जाणारा प्रकाश काचेच्या वरच्या भागातूनच बाहेर पडतो; तोच भाग रंगवला की डिपरचा चांगला उजेड मारला जातो. पण त्या ठिपक्यामागची भूमिका लक्षात घेण्याजोगी आहे. वाहनधारक स्वतःच्या दिव्यात फेरफार करत होता तो दुसऱ्याचे डोळे वाचवण्यासाठी. नंतरच्या फेरफारांविषयी असे म्हणता येणार नाही.

पहिला लोकप्रिय फेरफार म्हणजे १००/९० वॅटचे बल्ब. हिशेब सोपा आहे : ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टला ५ अँपिअर प्रवाह घेतो, १०० वॅटचा ८ अँपिअरहून अधिक. दोन बल्बांचा सुमारे १७ अँपिअर प्रवाह मूळच्या बारीक तारांमधून आणि स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून न्यायचा, म्हणजे तारा तापणार आणि स्विच जळणार. गंमत अशी की जुन्या गाड्यांतला मंद उजेड बहुधा बल्बमुळे नसतोच. तंतूच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या सुमारे ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. गंजलेले जोड आणि बारीक तारा यांत १० टक्के व्होल्टेज हरवले, तर प्रकाश ३० टक्क्यांनी घटतो. जाणते इलेक्ट्रिशियन म्हणूनच बल्ब तोच ठेवून बॅटरीपासून थेट जाड तार आणि रिले टाकत. गाडीच्या दिव्यांमध्ये आजवर झालेल्या सुधारणांत हीच सर्वांत कमी दिखाऊ आणि सर्वांत प्रामाणिक म्हणावी लागेल.

१९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ मालिकेत झेनॉनचे दिवे आले. तंतूऐवजी विद्युत-प्रज्योत, ३५ वॅटमध्ये सुमारे ३२०० ल्युमेन. एच-४ चा डिपर सुमारे १००० ल्युमेन देतो. एवढ्या प्रकाशासाठी युरोपीय नियमांनी दिवा आपोआप खाली-वर जुळवणारी यंत्रणा आणि काच धुणारे फवारे सक्तीचे केले. बाजारात मात्र यांतले काहीच न घेता फक्त प्रज्योतीचा बल्ब आणि त्याचा बॅलास्ट यांचे संच आले, आणि ते हॅलोजनच्या परावर्तकांत बसू लागले.

पुढचे पाऊल जपानमधून पडले. निळ्या प्रकाशाच्या डायोडवर पिवळे स्फुरण देणाऱ्या पदार्थाचा थर दिला की पांढरा प्रकाश मिळतो. असा पांढरा एलईडी निचिया कंपनीने १९९६ मध्ये बाजारात आणला. निळ्या डायोडसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. २००७ च्या लेक्सस एलएस ६०० एच मध्ये डिपरसाठी एलईडी वापरले गेले. तिथे परावर्तक आणि भिंगे एलईडीसाठीच रचलेली होती. भारतात जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली, एलईडी घरोघर पोहोचला, आणि 'एलईडी म्हणजे चांगले' ही समजूत घरातून गाडीपर्यंत गेली. घराच्या छताला ती लागू पडते, कारण तिथे प्रकाश कुठेही गेला तरी चालतो.

हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या एलईडी बल्बमध्ये दोन बाजूंना चिपांच्या ओळी आणि मध्ये उष्णता वाहून नेणारी धातूची पट्टी असते. तंतू सर्व बाजूंना प्रकाश टाकतो. चिपा मुख्यतः दोनच बाजूंना. शिवाय पट्टीच्या जाडीमुळे प्रकाशाचा उगम मूळ जागेवरून सरकतो. २५ मिलिमीटर नाभीय अंतराच्या परावर्तकात उगम आडवा १ मिलिमीटर सरकला, तर किरण सुमारे २ अंशांनी वळतात. ५० मीटरवर ते २ मीटर वर पोहोचतात. डिपरची कड अर्ध्या अंशाच्या हिशेबाने आखलेली असते, हे लक्षात घेतले की उरलेल्या कडेचे काय होत असेल ते सांगायला नको. खोक्यावर छापलेले आकडे हा आणखी वेगळा विषय. ३० वॅटच्या बल्बवर २०,००० ल्युमेन असा दावा असेल, तर तो वॅटला ६६७ ल्युमेन इतका होतो. निसर्गाची कमाल मर्यादा ६८३ आहे, तीही संपूर्ण ऊर्जा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात बदलली तरच. असा दिवा खरोखर बनवणाऱ्याने तो कुर्ल्यात विकत बसू नये.

डोळे दिपणे ही केवळ गैरसोय नव्हे. समोरचा प्रकाश डोळ्यातल्या भिंगात आणि द्रवात विखुरतो आणि दृष्टिपटलावर उजेडाचा एक पडदा पसरतो. हॉलाडे आणि स्टाइल्स यांनी १९२० च्या दशकात दाखवले की हा पडदा डोळ्यावर पडणाऱ्या प्रकाशाच्या सम प्रमाणात आणि नजरेपासूनच्या कोनाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. अरुंद, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर तो कोन लहान असतो, आणि मोतीबिंदू सुरू झालेल्या डोळ्यांत विखुरणे अधिक. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा चालक ३ सेकंद नीट पाहू शकला नाही, तर गाडी ५० मीटर आंधळेपणाने जाते. त्या ५० मीटरांत रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस, मागचा दिवा नसलेली सायकल, बंद पडलेला ट्रॅक्टर, काहीही असू शकते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०६ वा नियम दिव्याच्या कोनाविषयीच आहे : दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवू नये. त्यात वॅटचा नव्हे, डोळ्याच्या जागेचा विचार आहे, आणि ही दृष्टी अचूक आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये सांगितले. काउंटरवर बल्ब घेणाऱ्याला यांपैकी काही कोणी ऐकवत नाही.

दिवसा जळणाऱ्या दिव्यांची, म्हणजे डीआरएलची, गोष्ट निराळ्या हवामानात सुरू झाली. सूर्य क्षितिजालगत रेंगाळतो त्या उत्तर युरोपात गाडी दिसावी म्हणून स्वीडनने १९७७ मध्ये दिवसाही दिवे सक्तीचे केले. युरोपीय संघाने नव्या मोटारींसाठी फेब्रुवारी २०११ पासून डीआरएल अनिवार्य केले. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू राहू लागला, तेव्हा अनेकांनी 'दिवा चालू आहे' म्हणून हातवारे करून स्वारांना सावध केले होते. डीआरएल हा पाहण्याचा नव्हे, दिसण्याचा दिवा. आंतरराष्ट्रीय नियमांत त्याची तीव्रता ४०० ते १२०० कॅन्डेला ठरली आहे, आणि हेडलाइट लागताच तो विझावा किंवा मंद व्हावा अशी अट आहे. अट का, ते एका तुलनेत कळते : हॅलोजन डिपरने ५० मीटरवरच्या समोरच्या चालकाच्या डोळ्यांकडे टाकायच्या प्रकाशाची मर्यादा सुमारे २५० कॅन्डेला आहे. बंपरवर चिकटवलेली पट्टी इग्निशनला थेट जोडली, की ती रात्रीही पूर्ण तेजाने जळते आणि एकटीच ती मर्यादा चार-पाच पटींनी ओलांडू शकते.

उत्तर भारतातल्या हिवाळी धुक्यासाठी पिवळे बल्ब विकताना 'निळा प्रकाश अधिक विखुरतो' हे आकाशाच्या निळेपणाचे कारण सांगितले जाते. ते धुक्याला लागत नाही. हवेचे रेणू तरंगलांबीपेक्षा फार लहान असतात. धुक्याचे थेंब तिच्यापेक्षा अनेक पटींनी मोठे, आणि ते सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. म्हणून तर धुके पांढरे दिसते. फ्रान्सने १९३० च्या दशकापासून १९९३ पर्यंत पिवळे हेडलाइट सक्तीचे ठेवले होते. निळा भाग कमी असलेला प्रकाश डोळ्यांना कमी बोचतो, हा त्याचा खरा लाभ. धुक्यात रंगापेक्षा कामाला येतो तो खाली बसवलेला, रुंद आणि वरून कापलेला झोत.

हॅलोजनच्या जागी एलईडी मुळीच चालणार नाही असेही नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये जर्मनीने ऑसरामच्या एच-७ जागी बसणाऱ्या एलईडी बल्बला रस्त्यावर परवानगी दिली, पण एका अटीवर : मान्यता फक्त यादीतल्या गाड्यांनाच, त्या त्या मॉडेलच्या दिव्यात बल्ब तपासून. तिथे बल्ब आणि परावर्तक यांची जोडी तपासली जाते. इथे 'बैठक जुळते का' एवढाच प्रश्न विचारला जातो.

गाडी सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर उभी करून, दिव्याच्या मध्याच्या उंचीवर भिंतीवर खडूची रेघ ओढून डिपर लावला, तर कड त्या रेघेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली दिसायला हवी, आणि तिच्या वर काळोख असायला हवा. बहुतेक गाड्यांचा डिपर सुमारे १ टक्का उताराने लावलेला असतो, त्यावरून हा आकडा निघतो. नवा बल्ब बसवल्यावर भिंतीवर कडच दिसेनाशी झाली, तर दिवा खाली-वर करणारा स्क्रू कितीही फिरवला तरी ती परत येत नाही. जुना बल्ब परत बसवावा लागतो.