एक ही संख्या नव्हे

हिशेब शिकताना आपण सर्वांनी एकापासूनच आरंभ केला. एक ही पहिली संख्या, याबद्दल शंका घेण्याचे आपल्याला कधी कारणच पडले नाही. परंतु नवव्या शतकात बगदाद येथे अल्-किंदी या तत्त्वज्ञाने ही शंका विचारात घेतली आणि तिच्या साह्याने ईश्वराच्या एकत्वाचा सिद्धान्त मांडला. ती हकीकत आज आम्हांस सांगावयाची आहे.

खलिफा अल्-मामून (८१३–८३३) व त्याच्यामागून आलेला अल्-मुतसिम (८३३–८४२) यांच्या अमदानीत ग्रीक ग्रंथ अरबीत उतरत होते. हिंदुस्थानातील अंकही तेथे पोचले होते. अल्-किंदीने स्वतः त्यांवर लेखन केले. परधर्मीयांच्या या विद्येला हात लावावा काय, असा वाद होता. अल्-मुतसिमला अर्पण केलेल्या तत्त्वज्ञानावरील ग्रंथात अल्-किंदीने निःशंकपणे सांगितले की, सत्य दूरच्या व परक्या लोकांकडून आले तरी ते घेण्यात लाज नाही. उलट त्यास विरोध करणारेच धर्माचा व्यापार करतात, असेही त्याने सुनावले.

आता त्याचे गणित पाहू. युक्लिडच्या व्याख्येप्रमाणे संख्या म्हणजे एककांचा समुदाय. एकटा एक हा समुदाय कसा होणार? म्हणून तो संख्येचे मूळ आहे, संख्या नव्हे. मग जगाकडे पाहावे. आम्ही 'एक संघटना' म्हणतो, पण तीत माणसे अनेक. 'एक माणूस' म्हणतो, पण त्याचे अवयव अनेक. जगातला प्रत्येक 'एक' असा आतून अनेकच असतो. त्याचे एकत्व स्वतःचे नव्हे, मिळालेले असते. ते ज्याच्याकडून मिळाले तो खरा एक, ज्याचे भाग पडत नाहीत, तोच ईश्वर, असा त्याचा निष्कर्ष आहे.

जगाला आरंभ आहे हेही त्याने गणिताने दाखवू पाहिले. अनंत वस्तूतून तुकडा काढून पुन्हा जोडला, तर एक अनंत दुसऱ्याहून मोठे तरी ठरेल, नाहीतर भाग पूर्णाइतका होईल. दोन्ही त्यास अशक्य वाटले. १८७० नंतर कँटरने अनंताचे गणित रचले, तेव्हा ही अडचण अडचण उरली नाही.

पुढे बसऱ्याच्या 'इख्वान अल्-सफा' या मंडळाने आपल्या पत्रमालेतील पहिलेच पत्र संख्येवर लिहिले. एकापासून जशा संख्या, तसे ईश्वरापासून जग, असे त्यांनी मानले.

अल्-किंदीला मात्र किंमत मोजावी लागली. अल्-मुतवक्किलच्या काळात (८४७–८६१) त्याचा ग्रंथसंग्रह जप्त झाला व मागाहून परत मिळाला, असे जुने चरित्रकार सांगतात. त्याचा सिद्धान्त सर्वांना पटेल असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याचा धर्म एकच सत्य मानतो त्याने ते कोणाच्याही दारी घ्यावे, हा त्याचा हट्ट आम्हांस आजही मोलाचा वाटतो.