‘इनलाइन’ : विनंती, सक्ती आणि हरवलेले कारण

१/
१९९१ साल. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोर्व्हाल्ड्स हा २१ वर्षांचा विद्यार्थी आपल्या ३८६ संगणकासाठी ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत होता. पुढे ‘लिनक्स’ या नावाने जगभर पोहोचलेल्या या प्रणालीच्या आरंभीच्या कोडमध्ये, मुख्य फाइलच्या माथ्यावरच, त्याने एक शेरा लिहून ठेवला आहे. त्याचा आशय असा : पुढील फंक्शन ‘इनलाइन’ असणे गरजेचे आहे, कारण येथे स्टॅकला धक्का लागता कामा नये.

२/
या शेऱ्याचे महत्त्व कळण्यासाठी थोडी पार्श्वभूमी. प्रोग्राम एखादे फंक्शन बोलावतो, तेव्हा काम संपल्यावर कोठे परतायचे तो पत्ता ‘स्टॅक’ नावाच्या मेमरीच्या भागात लिहून ठेवला जातो. फंक्शन ‘इनलाइन’ केले, तर बोलावणे आणि परतणे दोन्ही टळतात. कंपायलर त्या फंक्शनचा मजकूरच बोलावण्याच्या जागी उतरवून देतो.

३/
लिनक्स सुरू होताना पहिली प्रक्रिया ‘फोर्क’ करून आपलीच एक प्रत निर्माण करी. एरवी अशा दोन प्रक्रियांपैकी कोणी मेमरीत काही लिहिले की त्या पानाची स्वतंत्र प्रत तयार होते. कर्नलच्या स्वतःच्या मेमरीला मात्र त्या वेळी ही सोय लागू नव्हती. त्यामुळे मूळ प्रक्रिया आणि तिचे अपत्य काही क्षण एकाच स्टॅकवर उभे असत. त्या क्षणी मूळ प्रक्रियेने एखादे साधे फंक्शन जरी बोलावले, तरी अपत्याचा परतीचा पत्ता पुसला जाण्याचा धोका होता. म्हणून ‘फोर्क’ आणि त्यानंतरचे ‘पॉज’ ही दोन्ही फंक्शने इनलाइन ठेवली गेली.

४/
पाठ्यपुस्तके इनलाइनचा हेतू ‘वेग’ असा सांगतात : बोलावण्याचा खर्च वाचतो, प्रोग्राम जलद चालतो. परंतु लिनक्सच्या जन्मकाळचे हे अस्सल साधन वेगळीच साक्ष देते. येथे वेगाचा प्रश्नच नव्हता. इनलाइन झाले नाही, तर यंत्र सुरूच होणार नाही, अशी ही अट होती.

५/
अडचण अशी की, ज्या शब्दावर ही अट टेकली होती त्या शब्दात तेवढे बळ नव्हते. १९७० च्या दशकातील मूळ सी भाषेत ‘इनलाइन’ हा शब्दच नव्हता. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जीसीसी कंपायलरने तो स्वतःची भर म्हणून दिला आणि १९९९ च्या प्रमाणकात तो अधिकृतपणे भाषेत आला. त्या प्रमाणकानुसारही ‘इनलाइन’ ही केवळ सूचना आहे. ती किती पाळायची, हे कंपायलरने ठरवावे.

६/
सुरुवातीला ही विनंती बहुधा मान्य होत असे. पुढे कंपायलर अधिक हुशार झाले. तोच मजकूर पन्नास ठिकाणी उतरवला की प्रोग्राम फुगतो, प्रोसेसरच्या कॅशेत मावत नाही आणि वेग वाढण्याऐवजी घटतो. जीसीसीच्या तिसऱ्या पिढीत कंपायलर फंक्शनचा आकार पाहून स्वतः निर्णय घेऊ लागला आणि प्रोग्रामरची विनंती अनेकदा नाकारू लागला.

७/
कर्नलच्या मंडळींनी यावर काढलेला तोडगा मोठा धीट होता. जीसीसीने ‘ऑलवेज इनलाइन’ नावाचा सक्तीचा शब्द उपलब्ध करून दिला होता. लिनक्सच्या २.६ मालिकेत एका व्याख्येद्वारे साध्या ‘इनलाइन’ शब्दाचाच अर्थ ‘ऑलवेज इनलाइन’ असा करण्यात आला. एका ओळीने कर्नलमधील हजारो विनंत्यांचे हुकमांत रूपांतर झाले.

८/
प्रश्न सुटला, पण एक मोलाची गोष्ट हरवली. कोणते फंक्शन वेगासाठी इनलाइन आहे, कोणते केवळ सवयीने आणि कोणते इनलाइन न झाल्यास यंत्र कोसळेल, हा भेद आता कोडमध्ये दिसेनासा झाला. सगळीकडे तोच एक शब्द आणि तीच एक सक्ती. पुढे नव्याने लिहिणाऱ्यांनी ‘इनलाइन म्हणजे इनलाइनच’ हे गृहीत धरून कोड लिहिला. त्या गृहीतकाची नोंद करण्याची गरज कोणालाच वाटली नाही.

९/
२००८ मध्ये इंगो मोल्नार यांनी इंटेल-एएमडी घराण्याच्या प्रोसेसरांसाठी एक पर्याय आणला : सक्ती उठवा आणि निर्णय पुन्हा कंपायलरच्या हाती द्या, म्हणजे कर्नलचा आकार कमी होईल. यावर बराच वाद झाला. कंपायलरच्या विवेकबुद्धीवर किती विसंबावे, याविषयी खुद्द टोर्व्हाल्ड्स साशंक होते. तरीही तो पर्याय टिकला. परिणामी या एका घराण्याच्या कोडमधील छुपी गृहीतके सुमारे दशकभरात एकेक करून उघडी पडत गेली आणि दुरुस्त होत गेली. इतर प्रोसेसरांवर मात्र जुनी सक्ती कायम होती.

१०/
२०१९ मध्ये मासाहिरो यामादा यांनी हा भेद मिटवायला घेतला. ५.२ आवृत्तीत तो पर्याय सर्व प्रोसेसरांसाठी खुला झाला आणि ५.४ मध्ये सर्वांना सरसकट लागू झाला. ‘इनलाइन’ पुन्हा विनंती झाले. ज्याला खरोखर सक्ती हवी, त्याने ‘ऑलवेज इनलाइन’ असे स्पष्ट लिहावे.

११/
लवकरच एक तक्रार आली. बीसीएम २८३५ ही चिप पहिल्या रास्पबेरी पाय संगणकात वापरली गेली होती. तिच्या ठरावीक मांडणीने बांधलेला नवा कर्नल सुरूच होईना. कारण शोधता शोधता माग पोहोचला तो थेट नुकत्याच उठवलेल्या सक्तीपर्यंत.

१२/
घडले होते ते असे. वापरकर्त्याच्या मेमरीतून मूल्य वाचणारा कोडचा एक तुकडा प्रोसेसरच्या तीन ठरावीक रजिस्टरांत मूल्ये ठेवत असे. त्याच वाटेवर, त्या मेमरीचे दार उघडणारी आणि लावणारी दोन छोटी इनलाइन फंक्शने होती. ती त्या जागीच उतरतील, हे लेखकाने धरून चालले होते. ही मांडणी आकार वाचवण्याकडे झुकणारी असल्यामुळे कंपायलरने ती वेगळी ठेवली. परिणामी रजिस्टरांत मूल्ये भरण्याच्या सूचनाच अंतिम कोडमधून गळाल्या.

१३/
दुरुस्ती करताना त्या साखळीतील ४ फंक्शनांवर ‘ऑलवेज इनलाइन’ लिहिले गेले. चुकीचे काही नव्याने लिहिले गेले नव्हते. सरसकट हुकमाखाली वर्षानुवर्षे झाकलेली एक अट तेवढी उघड्यावर आली होती. १९९१ मध्ये बिघडण्याची भीती स्टॅकची होती, २०१९ मध्ये बिघडली ती रजिस्टरे. यंत्र सुरू न होणे हा परिणाम मात्र तोच.

१४/
त्याच काळात ही बाब थेट सुरक्षेच्या प्रांतात शिरली. आधुनिक प्रोसेसरांत कर्नलला वापरकर्त्याच्या मेमरीपासून दूर ठेवणारे कुलूप असते. गरजेपुरते ते उघडायचे आणि लगेच लावायचे. ते उघडे असताना भलतेच फंक्शन चालले, तर हल्लेखोराला फट मिळू शकते. २०१९ पासून ‘ऑब्जटूल’ हे साधन तयार झालेला कोड तपासून अशी आगंतुक बोलावणी पकडते. त्यावरचा एक नेहमीचा उपाय म्हणजे त्या फंक्शनला ‘ऑलवेज इनलाइन’ करणे.

१५/
२०२० मध्ये थॉमस ग्लाइक्सनर, पीटर झिल्स्ट्रा आणि सहकाऱ्यांनी ५.८ आवृत्तीत कर्नलचे प्रवेशद्वार नव्याने बांधले. व्यत्यय येताच चालणाऱ्या पहिल्या काही सूचना इतक्या नाजूक असतात की तेथे माग काढणारी साधनेही चालता कामा नयेत, अन्यथा कर्नल स्वतःच्याच सापळ्यात पुन्हा पुन्हा शिरतो. म्हणून हा कोड एका राखीव विभागात ठेवला गेला. त्यातील एखादे साधे इनलाइन फंक्शन कंपायलरने वेगळे काढले, तर ते विभागाबाहेर पडते आणि संरक्षणाला मुकते. त्यामुळे अशा ठिकाणी सक्ती अपरिहार्य ठरली.

१६/
जुलै २०२२ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील संशोधकांनी ‘रेटब्लीड’ हा हल्ला उजेडात आणला. फंक्शनमधून परतण्याची साधी सूचनाच काही प्रोसेसरांवर गुपिते फोडू शकत होती. एएमडीच्या बाधित प्रोसेसरांसाठी नियम आला : कर्नलमध्ये शिरल्यानंतर बचावाची पायरी पूर्ण होईपर्यंत परतीची एकही सूचना चालू नये. फंक्शन वेगळे राहिले की परतणे आलेच. म्हणजे त्या मोजक्या सूचनांच्या पट्ट्यात इनलाइन होणे हीच सुरक्षेची अट बनली.

१७/
सुमारे ३ दशकांचा हा प्रवास पाहिला, तर सक्ती कधीच नाहीशी झालेली दिसत नाही. ती आधी एका फाइलपुरती होती, मग सरसकट झाली आणि अखेर पुन्हा नेमक्या जागी परतली. आता तिच्यावर पहारा ठेवायला तपासणीचे साधनही आहे.

१८/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे एका गोष्टीची नोंद घ्यावी. १९९१ च्या शेऱ्यात हुकूम होता आणि त्याचे कारणही लिहिलेले होते. सरसकट व्याख्येने हुकूम टिकवला, पण कारण पुसले. २०१९ च्या दुरुस्तीसोबत यामादा यांनी तीन रजिस्टरांपासून कंपायलरच्या निवडीपर्यंत सारी कारणमीमांसा पुन्हा लिहून ठेवली. त्या ४ फंक्शनांवरील सक्ती का आहे, हे पुढच्या पिढीला आता कर्नल बंद पाडून शोधावे लागणार नाही.