पहारा, हजेरी आणि शाळा

शाळेकडे पोलीस अंमलदार नेमण्याची पद्धति अर्वाचीन होय. परंतु गांवचें रक्षण कोणी व कोणत्या नात्यानें करावें हा प्रश्न मावळास नवा नाहीं. हिरडस मावळ, रोहिडखोरें व गुंजण मावळ, म्हणजे भोर व वेल्हे हे प्रांत, घेतले तर तेथील पहारा पाटील, वेसकर महार व रामोशी यांजकडे वतनपरंपरेनें असे. चोरी झाल्यास रामोशानें माग काढून तो शेजारगांवच्या शिवेस नेऊन पोंचवावा, नाहींतर भरपाई द्यावी, असा मराठी मुलखांतील दंडक होता. रखवालदाराच्या अंगीं अधिकार थोडा आणि जबाबदारी मोठी.

पुढें इंग्रजी मुलखांत १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्यानें पाटील सरकारी पोलीस व्यवस्थेंत आला. भोर मात्र १९४८ पर्यंत पंतसचिवांचें संस्थान राहिलें. या नव्या अमदानींत एक विपरीत गोष्ट घडली. ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या पहारा केला, त्या जातींवरच जन्मावरून संशय धरून त्यांची रोज हजेरी घेण्याची चाल अनेक ठिकाणीं पडली. हजेरी हा एकच शब्द शाळेच्या पटास व पोलिसाच्या वहीस लागूं झाला; पहिलींत नांव असणें हा मान, दुसरींत असणें हा कलंक. हा भेद शाहू छत्रपतींनीं ओळखला होता. कोल्हापुरांत १९१७ मध्यें त्यांनीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें आणि १९१८ मध्यें ही पोलिसी हजेरी बंद केली. आमच्या मतें हीं दोन्ही कृत्यें मिळून एकच सुधारणा होय.

आजचे कायदे याच दिशेचे आहेत. २०१२ च्या बालसंरक्षण कायद्यान्वयें अत्याचारपीडित मुलाचा जबाब घेतांना पोलिसानें गणवेशांत असूं नये, व मुलास रात्रीं ठाण्यांत ठेवूं नये. २०१५ च्या बालन्याय कायद्यांत प्रत्येक ठाण्यास बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याची योजना आहे.

तेव्हां भोर-वेल्ह्याच्या डोंगरवस्तीवरील धनगर वा कातकरी मूल शाळेच्या दारीं पोलिसास पाहील, तेव्हां त्यास माग काढणारा रखवालदार दिसावा, हजेरी घेणारा शिपाई नव्हे. पोरांच्या भांडणाचा व खोडीचा निवाडा मास्तरांनीं करावा. पोलिसानें मुलांवर होणाऱ्या अपराधाचा माग घ्यावा. जुन्या पहाऱ्यांतील जातिबंधन गेलें तें योग्यच झालें. त्यांतील उत्तरदायित्व मात्र जाऊं देऊं नये, असें आम्हांस वाटतें.