इन्स्टिट्यूट ऑफ रूरल मॅनेजमेंट, आणंद

इन्स्टिट्यूट ऑफ रूरल मॅनेजमेंट, आणंद तथा इर्मा ही गुजरातमधील ग्रामीण व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी संस्था आहे. व्हर्गीज कुरियन यांनी १९७९ साली तिची स्थापना केली. दूध उत्पादकांच्या सहकारी संघांना प्रशिक्षित व्यवस्थापक हवे होते. व्यवस्थापनाचे पदवीधर मात्र प्रामुख्याने शहरी कंपन्यांत जात. येथील दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना काही आठवडे खेड्यात राहून प्रत्यक्ष पाहणी करावी लागते. सहकारी संघ, स्वयंसेवी संस्था व शासनाचे उपजीविका प्रकल्प ही पदवीधरांची अपेक्षित कार्यक्षेत्रे होत. तरीही अनेक जण अधिक वेतनामुळे बँका व खासगी कंपन्यांकडे वळले आणि मूळ हेतू कितपत टिकला, हा वादाचा विषय ठरला. २०२५ च्या कायद्यान्वये संस्थेचे त्रिभुवन सहकारी विद्यापीठात रूपांतर झाले. विद्यापीठाला अमूलचे संस्थापक त्रिभुवनदास पटेल यांचे नाव दिले आहे.