सहा आठवड्यांची मजुरी

पोट भरण्यासाठीं माणसानें वर्षाकाठीं किती दिवस राबावें? हा प्रश्न बहुतेकांस सुचतच नाहीं. कारण सगळेच दिवस राबावयाचे, असें आपण गृहीत धरून चालतों. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत काँकॉर्ड नांवाचा एक लहानसा गांव आहे. तेथील हेन्री डेव्हिड थोरो यानें मात्र हा प्रश्न मनापासून विचारला, जमाखर्च मांडून त्याचें उत्तर काढलें आणि त्या उत्तराबरहुकूम आयुष्य घालविलें.

थोरोचा जन्म १८१७ सालचा. वडिलांचा पेन्सिली तयार करण्याचा धंदा होता. १८३७ मध्यें हार्वर्ड येथील पदवी घेऊन तो गांवच्या शाळेंत शिक्षक झाला. परंतु मुलांस छडी मारण्याचा आग्रह होतांच थोड्याच दिवसांत त्यानें ती नोकरी सोडली. पुढें भावासह काढलेली शाळाहि भावाच्या प्रकृतीमुळें १८४१ मध्यें बंद झाली.

४ जुलै १८४५ रोजीं तो गांवाबाहेरील वॉल्डन तळ्याच्या कांठीं, स्वतःच्या हातांनीं उभारलेल्या खोपटांत राहावयास गेला. जागा त्याचे स्नेही, प्रसिद्ध ग्रंथकार इमर्सन यांची होती. खोपटास खर्च आला २८ डॉलर व साडेबारा सेंट. सुमारें अडीच एकरांत त्यानें मुख्यतः घेवडा लावला. खर्च वजा जातां हातीं नऊ डॉलरहि उरले नाहींत. त्यास मोलमजुरीची जोड देऊन हिशेब करतां त्याला असें आढळलें कीं, गरजा आवरल्या तर वर्षांतून सहा आठवड्यांचें काम पुरे होतें. ६ सप्टेंबर १८४७ रोजीं त्यानें तळें सोडलें. हा हिशेब मात्र सोडला नाहीं.

पुढें त्यानें जमीनमोजणीचें काम पत्करलें. मोजणीचा हात त्यानें तळ्यावरच बसविला होता. लोक वॉल्डनला अथांग समजत. १८४६ सालीं, बर्फ वितळण्यापूर्वीं, दोरीस दगड बांधून त्यानें खोली मोजली. ती १०२ फूट भरली. होकायंत्र व साखळी घेऊन तो शेतांच्या आणि रानांच्या हद्दी आंखी. काम उघड्या हवेंतलें, डोक्यावर वरिष्ठ नाहीं, आणि नकाशा हवालीं केला कीं मन मोकळें. मग रोजचे चार तास तरी भटकंतीचे. कोणतें फूल कोणत्या दिवशीं उमललें, कोणता पक्षी केव्हां परतला, याची तो नोंद ठेवी.

हें सुख निर्भेळ नव्हतें. १८४९ सालच्या त्याच्या पहिल्या पुस्तकाच्या १,००० प्रती निघाल्या. १८५३ मध्यें न खपलेल्या ७०६ त्याच्याच घरीं परत आल्या. छपाईचें देणें फेडण्यास पेन्सिली व मोजणी यांचाच आधार झाला. मोजणीचे दिवस फार लांबले म्हणजे मनाची तरलता हरपते, अशी तक्रार त्याच्या रोजनिशींत आहे. तेंच काम थोडें असतां विसांवा देई आणि वाढलें कीं ओझें होई.

६ मे १८६२ रोजीं, वयाच्या ४४ व्या वर्षीं, क्षयानें त्याचा अंत झाला. एवढ्या बुद्धीच्या माणसानें मोठी आकांक्षा धरली नाहीं, अशी खंत खुद्द इमर्सन यांनीं श्रद्धांजलींत बोलून दाखविली. परंतु त्याच सवडींतून १८५४ चें ‘वॉल्डन’ परिपक्व झालें. दुर्गा भागवत यांनीं तें मराठींत आणलें. फुलांच्या त्या नोंदी ताडून, हवामान तापल्यानें काँकॉर्डचीं फुलें किती आधीं उमलूं लागलीं, हें शास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे.

थोरोस बायकामुलें नव्हतीं आणि पाठीशीं वडिलांचें घर होतें, हें विसरून चालणार नाहीं. संसारी माणसाचा हिशेब सहा आठवड्यांत बसणार नाहीं. तरी तो एकदां कागदावर मांडून पाहावा. कदाचित् आठवड्यांतील एखादी संध्याकाळ तरी आपली स्वतःची निघेल.